खुंटीवरच्या दोन डब्या

देव आहे की नाही, हे मला माहीत नाही. चौथी शिकलेल्या बाईकडून ते कळावं अशी कुणी अपेक्षाही करू नये. पण लोक विचारतात. म्हातारी बाई, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, म्हणजे हिला नक्की माहीत असणार, असं त्यांना वाटतं. मला माहीत नाही म्हटलं की हसतात. म्हातारीला चेष्टा सुचते म्हणतात. मला चेष्टा करता येत नाही. कधीच आली नाही.

आमच्या घरात हा प्रश्न माझ्या नवऱ्यानं सोडवून टाकला होता. त्यांना मी मालक म्हणायचे, इथंही तेच म्हणते. सिरसाळ्याच्या पेठेत मालकांचं दोरांचं दुकान होतं. कासरे, दावी, वेसणी, सुतळी, बारदाना. पुढं दुकान, मागं घर. दोराच्या अंबाडीचा वास भाकरीच्या पिठालासुद्धा यायचा. माझं माहेर युसूफ वडगावचं, तिथं गेले की आई म्हणायची, तुझ्या लुगड्याला दुकान लागलंय.

बाजाराच्या दिवशी गर्दीत कुणाला चुकीचा कासरा जायचा. लांबीला कमी, नाहीतर पिळाला हलका. मालकांच्या ते संध्याकाळी लक्षात यायचं. मग ते बरोबरचा कासरा काढून मागच्या खिळ्याला अडकवून ठेवायचे. गिऱ्हाईक पुढच्या बाजाराला यायचं, कधी महिन्यानं यायचं, कधी यायचंच नाही. पण त्या खिळ्यावरचा दोर मालक दुसऱ्या कुणाला विकत नसत. अधूनमधून काढून त्याची धूळ झटकायचे आणि परत अडकवायचे.

सकाळी आंघोळ झाली की मालक पाटावर बसून डाव्या तळहातावर लिंग घ्यायचे. त्याला पाणी घालायचे, विभूती लावायचे, बेलाचं पान वाहायचे आणि डोळे मिटून बसायचे. शेजारच्या पाटावर मी. तेच सगळं मीही करायचे. लग्नाला सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा एकदा मी विचारलं, "अवो, तुमी खरंच मानता का देव?"

मालकांनी डोळे उघडले नाहीत. "कावून?"

"रोज बसता म्हणून इचारलं."

"बैल पळून जाईल का न्हाई, कुणाला ठावं असतंय का?"

"न्हाई."

"मग रोज बांधतेत कावून? पळणारा असला तर दावं कामाला आलं. गरीब असला तर दाव्याचं काय झिजलं? देवाचं बी तसंच. असला तर आपण बांधून ठेवलेलं हाय. नसला तर अर्धा घंटा बसल्यानं काय बिघडलं?"

"पण दावं कुणाच्या गळ्यात हाय? त्याच्या का तुमच्या?"

मालकांनी एक डोळा उघडला. गळ्यातल्या दोऱ्याकडं बघितलं. "जा, च्या टाक," म्हणाले.

देव मानणं शहाणपणाचं की खुळेपणाचं, यावर आमच्यात झालेली चर्चा एवढीच. मालकांना त्यानंतर कधी शंका आली नाही. मला त्यांच्या दाव्याला उत्तर देता आलं नाही, पण ते पटलंही नाही. देव असलाच तर आपल्याला बांधून ठेवलंय हे त्याला कळत नसेल का, एवढंच मला वाटायचं. तरी मी बसायचे. का बसायचे ते आता सांगायला हरकत नाही. दिवसभर मालक दुकानात असत आणि जेवताना बोलत नसत. सकाळचा तो अर्धा घंटा आम्ही दोघं एका हाताच्या अंतरावर असायचो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिंगाचं सांगते. आम्ही लिंगायत. आमच्यात मूल जन्मलं की स्वामी त्याला लिंग देतात. जांभळाएवढा दगड, वरून काळी तुकतुकीत कांती चढवलेली. ते डबीत घालून गळ्यात बांधायचं ते मरेपर्यंत. ज्याचं लिंग त्याचं. नवऱ्याचं बायकोला चालत नाही, आईचं लेकराला चालत नाही. आम्हाला मेल्यावर जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि ज्याचं लिंग त्याच्या डाव्या हातात देतात. जन्मभर ज्याला पूजलं ते हातात घेऊनच माणसानं जायचं. मग तो मेला असं म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात.

लिंग गळ्यातून काढू नये असा नियम आहे. आंघोळीलासुद्धा नाही. पण साबणानं दोरा कुजतो, म्हणून आम्ही दोघं ते काढून न्हाणीतल्या खुंटीला अडकवायचो. खुंटी एक, डब्या दोन. दोन्ही चांदीच्या, परळीच्या एकाच सोनारानं आमच्या लग्नात घडवलेल्या, दोन्हींवर सारखंच बेलाचं पान. बाहेरून ओळखू येत नसत. उघडल्यावर मात्र ओळखू येत. माझं लिंग अखंड होतं. मालकांचं एकदा दुकानात लोखंडी मापावर पडलं आणि कांतीचा टवका उडाला. असं झालं की स्वामींना दाखवायचं असतं. दाखवलं की विधी, चार लोकांच्या चौकशा. मालकांनी गठ्ठ्यांना लावायची लाख वितळवली आणि टवका बुजवून टाकला. काळ्यावर लाल टिपका. मला हसू आलं तर म्हणाले, "पाणी मुरत न्हाई ना आत? झालं तर."

हे त्यांना आणि मलाच माहीत होतं.

मालक गेले ते उन्हाळ्यात, सकाळी. मी आधी आंघोळ करून अंगणात कपडे धुवत होते. माझी डबी अजून खुंटीवरच होती. मालक न्हाणीत गेले. दोन तांबे ओतल्याचा आवाज आला, तिसऱ्याचा आला नाही. मी थोडा वेळ वाट बघितली. कपडे पिळून वाळत घातले. मग हाक मारली. आत गेले तर भिंतीला टेकून बसलेले, तांब्या मांडीवर.

माणसं जमली. मठपती आले. मठपती म्हणजे आमच्यातले गावचे स्वामी, जन्मापासून मरणापर्यंतचे विधी तेच करतात. त्यांनी मालकांना आंघोळ घातली, अंगभर विभूती लावली, भिंतीला टेकवून बसवलं. मग विचारलं, "लिंग कुठं हाय, माय?"

मी उठले. न्हाणीत गेले. खुंटीवरून एक डबी काढली आणि आणून त्यांच्या हातात दिली. दुसरी गळ्यात घातली. त्या दिवशी माझ्या हातून एवढं एकच काम झालं.

आमचा मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. तो आला, तेरा दिवस राहिला. "माझ्याकडं चल," म्हणाला. मी गेलेही, महिनाभर. चौथ्या मजल्यावर दार लावून बसायचं. समोरच्या दारावर पाटी होती, ते दार उघडलेलं मी महिन्यात दोनदा बघितलं. सिरसाळ्यात दार उघडं टाकून एकटं बसावं, ते त्यापेक्षा बरं. परत आले.

तोवर नायलॉनचे कासरे आले होते. निळे, हिरवे, न कुजणारे. अंबाडीचा दोर कुणी विचारेना. दुकानाची जागा मी फोनवाल्याला भाड्यानं दिली. एका पायानं अधू असलेला पोक्त माणूस, त्याला सरकारातून एसटीडीचं बूथ मिळालं होतं. पिवळी पाटी लागली. मधे नुसती फळ्यांची भिंत. सगळ्या गावाचे फोन मला ऐकू यायचे. लोक ओरडून बोलायचे. "हॅलो, मी बोलतोय," म्हणायचे, मी म्हणजे कोण ते सांगायचेच नाहीत. कुणाची सून नांदायला येत नव्हती, कुणाचा भाऊ पुण्यात हरवला होता. मला सगळं माहीत असायचं, आणि त्यातलं माझं काही नसायचं. रविवारी कधीमधी फळीवर टकटक व्हायची. "मावशी, तुमचा फोन." मुलगा विचारायचा, जेवलीस का. मी म्हणायचे, जेवले.

मालकांचे तेरा दिवस माणसांच्या गर्दीत पाटावर बसणं झालंच नव्हतं; तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी बसले. शेजारचा पाट मीच सवयीनं मांडलेला. अर्धा घंटा किती मोठा असतो ते त्या दिवशी कळलं. डबी न उघडताच मी मधेच उठले, दोन्ही पाट भिंतीला उभे करून ठेवले आणि त्यानंतरही ती उघडली नाही. गळ्यात ठेवली, कारण गळा लोकांना दिसतो. आत कोण बघतंय? कुणी विचारलं नाही. देवानंही विचारलं नाही. तीन वर्षांच्या वर झालं असं.

मग गणपती दूध प्यायले तो दिवस आला.

सकाळपासून बूथचा फोन थांबत नव्हता. मुंबईहून, पुण्याहून, दिल्लीहून. सगळ्यांचं तेच, मूर्तीसमोर चमचा धरला की दूध संपतंय. आमच्याकडं गणपतीबरोबर महादेवाची पिंड आणि नंदीसुद्धा प्यायला लागले. दहा वाजेपर्यंत देवळापासून पेठेपर्यंत रांग लागली. माझी शेजारीण आली. ती मुसलमान, फळवाल्याची बायको, तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली. मी तिला आपा म्हणायचे, ती मला अक्का. दोघींत मोठी कोण ते कधी ठरलं नाही.

"अक्का, सारा गाव लाइनीत उभा हाय. तू कावून बसलीस?"

"मला तहान न्हाई."

"तुला न्हाई, तुझ्या देवाला लागलीय."

"इतकी वर्षं लागली न्हाई, ती आजच कशी लागली?"

"ते तू त्याला इचार. आमच्या म्हाताऱ्यानं गाडा देवळाम्होरं नेऊन लावलाय. म्हणतो, दूध पिऊन झालं की केळं लागतीलच." आपा हसत हसत गेली. तिलाही बघायचं होतं, लांबून.

दुपारी गावात दूध उरलं नाही. बूथवाल्यानंसुद्धा शटर ओढलं आणि तो काठी टेकत देवळाकडं गेला. त्या बूथचं शटर दिवसा खाली आलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. फळीपलीकडं आवाज नाही. गल्लीत माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही. सगळं गाव एकीकडं गेलं आणि मी दुसरीकडं उरले, असं झालं. भाकरी खाल्ली. भांडं घासलं. चहाचं पावशेर दूध झाकून ठेवलेलं होतं, ते दिसलं.

मला कुणी बघत नव्हतं म्हणून मी ते केलं. आता वाटतं, तो खुळेपणा नव्हता. मालक म्हणायचे, असो नसो, बांधून ठेवावं. मला बांधायचं नव्हतं, बघायचं होतं. बघून ठरवावं. प्यायलं तर आहे, नाही प्यायलं तर नाही. याहून सरळ वाट मला माहीत नव्हती.

डबी घट्ट बसली होती. पळीच्या दांड्यानं ठोकून उघडली. लिंग डाव्या तळहातावर घेतलं, चमचा दुधानं भरला आणि हळूच जवळ नेला. पांढऱ्या दुधाशेजारी काळं लिंग, आणि त्यावर लाल टिपका.

मी दाराच्या उजेडात नेऊन बघितलं. नखानं खरवडून बघितलं. लाखच होती.

दूध प्यायलं की नाही, ते मला सांगता येत नाही. चमचा कलंडला होता आणि दूध मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं. देव आहे का, हे बघायला बसले आणि भलतंच दिसलं. माझं लिंग मालकांच्या हातात मातीखाली होतं, आणि मालकांचं माझ्या गळ्यात. दिलं होतं मीच.

मी स्वतःला समजावलं. तू देव मानत नाहीस ना? मग दोन दगड आहेत. इकडचा तिकडं गेला, बिघडलं काय? संध्याकाळपर्यंत हेच सांगत होते. उपयोग झाला नाही. मी मानत नसेन, पण मालकांनी चाळीस वर्षं एक दिवस न चुकवता दावं बांधलं होतं, आणि ज्या वेळेसाठी बांधलं होतं त्याच वेळी गाठ मी सोडून दिली. देव नसेल तर प्रश्नच नाही. पण असेल तर? मालक तिथं हात पुढं करतील आणि हातात बायकोचं लिंग निघेल. जो माणूस कधी कुणाला चुकीचा कासरा देऊन गप्प बसला नाही, त्याला मी चुकीचा देव देऊन पाठवलं.

जन्मभर ज्या विचाराला मी नावं ठेवली तोच आता माझ्या गळ्यात येऊन बसला होता, नसला तर काही नाही, पण असला तर?

दुसऱ्या दिवशी आपाला सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि सांगण्यासारखं दुसरं कुणी नव्हतं. आपानं लिंगाला हात लावला नाही, मान वाकडी करून टिपका बघितला.

"तू तर देव न्हाई म्हणतीस."

"मला ठावं न्हाई म्हणते."

"मग रडतीस कावून?"

"मी रडत न्हाई."

"बरं, रडत न्हाईस." ती माझ्या शेजारी उंबऱ्यावर बसली. "आमच्यात बरं हाय बघ. माणूस रिकाम्या हातानं जातंय. चूक व्हायला हातात कायच न्हाई."

"तिथं इचारत न्हाईत का, काय आणलंस म्हणून?"

"इचारतेत की. लई इचारतेत. पण ते आपलं आपण सांगायचं. बायकोवर ढकलता येत न्हाई." मग म्हणाली, "तुझा माणूस गरीब होता, अक्का. तो न्हाई ढकलायचा तुझ्यावर."

"ते मलाबी ठावं हाय. म्हणूनच तर."

रविवारी मुलाचा फोन आला. मी बूथमध्ये गेले, बाजूला बूथवाला बसलेला, बाहेर दोघं फोनसाठी थांबलेले. त्यांच्यादेखत मी मुलाला सांगितलं. आधी तो हसला. मग दूध का संपतं ते त्यानं मला समजावून दिलं. दगड ओला झाला की दूध त्याच्यावरून पसरत खाली उतरतं, नुसतं दिसत नाही. नीट समजावलं, मला कळलं. मी म्हटलं, "दुधाचं न्हाई रे, लिंगाचं इचारते."

"आई, दोन्ही दगडच. दोन्ही एकाच खाणीतले. बाबांना काही फरक पडत नाही."

"पडत न्हाई?"

"कसा पडेल? बाबा नाहीत आता."

त्याचं बरोबर होतं. बरोबर बोलणाऱ्या माणसाशी पुढं काय बोलायचं, ते मला सुचलं नाही. "जेवलास का?" म्हटलं. तो जेवला होता.

मग मी मठपतींकडं गेले. त्यांचं घर गावाच्या पलीकडच्या टोकाला, मठाला लागून. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान माणूस. ओसरीवर बेल निवडत बसले होते, तीन पानं धड असलेला इकडं, फाटका तिकडं.

"शरणार्थी, स्वामी." आमच्यात नमस्काराला असंच म्हणतात.

"शरणार्थी. या माय. लई दिसांनी वाट सापडली."

"एक इचारायचं हाय. एका बाईचं लिंग बदललं."

"कुणाच्या संगं?"

"नवऱ्याच्या."

"मग परत बदलून घ्यावं. नवरा परगावी हाय का?"

"परगावीच म्हणा."

स्वामींचा हात बेलावरच थांबला. त्यांनी माझ्या गळ्याकडं बघितलं. मी डबी उघडून पुढं केली आणि सगळं सांगितलं, लाखेसकट.

"तुमच्याच हातानं आणून दिलं होतं तुमी," ते म्हणाले. "मी काय वळखणार, माय?"

"तुमचा दोष न्हाई. माझाच हाय. आता काय करायचं ते सांगा."

त्यांनी सांगितलं. दुसऱ्याचं लिंग गळ्यात ठेवता येत नाही. सोमवारी सकाळी आंघोळ करून यायचं, ते मला नवीन लिंग देतील. हे जुनं गोदावरीत सोडून देतील. त्यांच्या दृष्टीनं काम सोपं होतं.

"आन मालकांचं?"

"त्यांचं काय?"

"त्यांच्या हातात माझं हाय. त्यांचं कसं व्हायचं?"

स्वामींनी हातातला बेल खाली ठेवला. मग म्हणाले, "असं कुठं लिहिलेलं न्हाई. असं आधी कुणी केलंच न्हाई, माय."

"स्वामी, रागावू नका. तुमी मानता का देव?"

त्यांनी रस्त्यावर कुणी नाही ना ते बघून घेतलं. "मी मठपती हाय. आजा मठपती, बाप मठपती. मला हे कुणी कधी इचारलंच न्हाई."

"मी इचारते की."

"तुमी इचारलं खरं. पण आता लई उशीर झाला. पाच लेकरं हायेत मला." आणि ते पुन्हा बेल निवडायला लागले. मला त्या माणसाचा राग आला नाही. उलट त्या ओसरीवर मला जरा बरं वाटलं. पण सोमवारी यावं लागणार होतं.

सोमवारी मी लवकर उठले. आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसले. निघण्याआधी मालकांचं लिंग एकदा बघून घ्यावं, म्हणून भिंतीचा पाट खाली टाकला आणि बसले. तीन वर्षं डबीत कोंडून कांती मळकट झाली होती. असं मळकं नदीत कसं सोडायचं, म्हणून पाणी घातलं, पुसलं. पुसलं तर विभूती लावली. बेल नव्हता. हातावर घेऊन बसले. फळीपलीकडं बूथवाल्यानं शटर वर केलं. कुणीतरी ओरडून बोलायला लागलं, "हॅलो, मी बोलतोय." ते संपलं, दुसरं कुणी आलं. मी बसूनच होते.

मला त्या वेळी मालकांचा मागचा खिळा आठवला. चुकीचा दोर गेला तर बरोबरचा खिळ्याला. गिऱ्हाईक येईल की नाही, याचा मालकांनी कधी विचार केला नाही. येईल म्हणून ठेवत नव्हते. चूक आपली होती आणि वस्तू त्याची होती, म्हणून ठेवत होते. आणि ठेवलेली वस्तू धूळ खात ठेवायची नाही. दाव्याचा विचार मला त्यांच्याकडून कधी पटला नाही, पण हा पटला. याला देव असावाच लागतो असं नाही.

मी मठात गेले नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी पाटावर बसते. एकच पाट मांडते. मालकांच्या लिंगाला पाणी घालते, पुसते, विभूती लावते. मागायचं काही नसतं. डोळे मिटत नाही, मिटून काय बघायचं? आंघोळीला आता गळ्यातून काढतही नाही. दोरा कुजतो, दर दोन महिन्यांनी बदलते. खुंटीला टॉवेल असतो.

आपाला मी सांगून ठेवलं, "मी मेले की हेच माझ्या डाव्या हातात द्यायला लाव. लोक नवीन आणतील, तुझ्यादेखत ते हातात ठेवू देऊ नकोस."

"आन मी आधी गेले तर?"

"मग दुसरं कुणी बघावं लागंल."

"तुला कोण भेटतंय दुसरं," आपा म्हणाली.

तीच आधी गेली, त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात. रिकाम्या हातानं, ती म्हणायची तशी. म्हातारा मुलीकडं परभणीला गेला आणि भिंतीपलीकडं कुलूप लागलं. आता एका बाजूला फोन आणि एका बाजूला कुलूप.

त्यानंतरच्या श्रावणात मठपती भिक्षेला आले. आमच्यात स्वामींनी दारोदार भिक्षा मागायची रीत आहे. त्या सोमवारनंतर ते माझ्या दाराशी आले नव्हते, बहुतेक राग होता. दार उघडंच होतं. मी पाटावर, लिंग हातावर. ते उंबऱ्यात उभे राहिले आणि त्यांना टिपका दिसला. मी झाकला नाही.

ते आत येऊन समोर बसले. झोळीतून बेलाचं एक पान काढून माझ्या हातावरच्या लिंगावर ठेवलं. तीन पानं धड असलेलं. मग वाकून जवळून बघितलं.

"लाख सुटायला लागलीय एका बाजूनं," ते म्हणाले.

"व्हय."

"द्या माझ्याकडं दोन दिवस. नवी कांती चढवून देतो. टवका दिसणारसुद्धा न्हाई."

"नको, स्वामी."

"कावून?"

"मग वळखू येणार न्हाई."

कुणाला, ते त्यांनी विचारलं नाही. बोलून गेल्यावर मलाही ऐकू आलं मी काय म्हणाले ते. आम्ही दोघं थोडा वेळ त्या टिपक्याकडं बघत बसलो. मग ते म्हणाले, "हातात द्यायच्या वेळी मी ध्यानात ठेवीन, माय," आणि उठले. मी सुपातलं पीठ त्यांच्या झोळीत घातलं. फळीपलीकडं फोन वाजत होता. तो माझा नव्हता.